चौथा ठिपका

ठिपकेताईंनी हजारो माणसांना गोंदलं, पण त्यांच्या हातून कुणाच्या दंडावर कधी फूल उमटलं नाही की मनगटावर कुणाचं नाव. त्यांनी फक्त ठिपके काढले. माणशी तीन, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, निळसर काळे, आणि ज्याच्या अंगावर काढायचे त्याला हमखास नको असलेले. हौसेनं गोंदवून घेणाऱ्या माणसाचं तोंड कसं दिसतं, हे चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कधी बघायला मिळालं नाही.

नोकरी मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात. वाईट गाठीचं ऑपरेशन झालं की पुष्कळांना महिना-महिना किरणांचा शेक घ्यावा लागतो. त्या शेकाच्या खोलीत ताई तंत्रज्ञ होत्या. शेक रोज अगदी त्याच जागी पडायला हवा, आणि माणूस तर टेबलावर रोज वेगळाच निजतो. काल खांदा सैल होता, आज आखडलेला असतो. म्हणून पहिल्या दिवशी अंगावर तीन पक्क्या खुणा करायच्या, एक छातीच्या मधोमध आणि एकेक दोन्ही कुशींना. मग रोज दिवे मंद करायचे, भिंतींतून आणि छतातून येणाऱ्या लाल रेघा त्या खुणांवर आणून बसवायच्या, आणि जाड दार ओढून बाहेर यायचं. पेनाची खूण आंघोळीत जाते. म्हणून शाईचा थेंब कातडीवर ठेवायचा, त्यातून सुई टोचायची, पुसून घ्यायचं. काम अर्ध्या मिनिटाचं, पण जन्माला पुरणारं.

"हे नंतर जाईल ना हो?" असं प्रत्येक जण विचारतो. पूर्वी ताई जवळ बसून नीट समजावत. आता त्या "नाही" एवढंच म्हणतात आणि पुढचं एका दमात सांगून टाकतात, "दोन दिवस घासू नका, पावडर लावू नका, खपली धरली तर खाजवू नका, सैल सुती कपडे घाला, हलू नका." शेवटचं "हलू नका" तर तोंडात इतकं बसलंय की घरी नवरा दाढी करत असला तरी बाजूनं जाताना त्या म्हणतात, "हलू नका." तोही बिचारा हलत नाही.

त्या खात्यात एक जुनी रीत होती. नवीन आलेल्या माणसानं सुई हातात धरण्याआधी स्वतःच्या अंगावर एक ठिपका घ्यायचा. ताईंचा ठिपका डाव्या घोट्याच्या वर आहे. चोविसाव्या वर्षी तिथल्या थोरल्या बाईंनी तो काढला. ताई "आई गं" म्हणून कळवळल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, "दुखलं ना? मग आता कुणालाही 'काही दुखत नाही' म्हणून सांगायचं नाही. या टेबलावर निजलेल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही. त्याला दुसरं कुणी दिसत नसतं, आपणच दिसतो." ताईंनी ते मनावर घेतलं. चौतीस वर्षांत त्या टेबलावरच्या माणसाशी एकदाच खोटं बोलल्या, आणि ते माणूस नेमकं घरचं निघालं.

ते माणूस म्हणजे त्यांची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, एकटी राहणारी, त्याच इमारतीत एक मजला खाली दोन खोल्यांत. छापखान्यात प्रुफं तपासण्यात तिचा जन्म गेला. पानभर मजकुरात एक ठिपका जागा सोडून पडला तरी तो तिला भातातल्या खड्यासारखा लागायचा, आणि माणसांच्या चुकाही ती त्याच पेन्सिलीनं दाखवायची. "वहिनी, तुझा पडदा डावीकडे बोटभर लांब आहे," हे ताईंच्या लग्नानंतर तिनं त्यांना उद्देशून बोललेलं पहिलं वाक्य. ताई तिला तेव्हापासून "वन्सं" म्हणत, निम्म्या मानानं आणि निम्म्या चेष्टेनं. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे असं लोक म्हणत. पण संध्याकाळचा चहा दोघींनी कधी वेगळा घेतला नाही.

साडेपाच वर्षांपूर्वी नणंदेच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पंचवीस दिवसांचा शेक ठरला. ताईंनी सुचवून पाहिलं, की ठिपके दुसरं कुणीतरी काढेल, घरच्या माणसाला टोचायला हात धजत नाही.

"परक्या बाईपुढे मी उघडी निजणार नाही," नणंद म्हणाली. "तूच काढ. आणि सरळ रेषेत काढ."

ताईंनी तीन ठिपके काढले. सरळ रेषेत काढले.

चूक अकराव्या दिवशी झाली. त्या दिवशी एक यंत्र बंद होतं, दोन यंत्रांची माणसं एकावर आली होती, ताई सकाळपासून उभ्या होत्या, आणि नणंदेचा नंबर लागेस्तोवर त्यांचे पाय त्यांचे राहिले नव्हते. दिवे मंद केले. नणंदेनं डावा हात डोक्यावर घेतला. ऑपरेशननंतर तो पुरता वर जात नसे, कोपराला ताई आधार देत. काखेखाली, कुशीत ठिपका दिसला. ताईंनी लाल रेघ त्यावर बसवली, दार ओढलं, शेक दिला. तो ठिपका नव्हता, तीळ होता. खरा ठिपका त्याच्या बोटभर पुढे, कातडीच्या वळीत दडला होता. गोंदलेला ठिपका निळसर असतो आणि हाताला लागत नाही, तीळ तपकिरी असतो आणि किंचित वर आलेला असतो, हे ताई दर वर्षी नव्या पोरींना शिकवत. शिकवणाऱ्या बाईनंच तिळाला ठिपका म्हटलं.

त्या दिवशी घेतलेला तपासणीचा फोटो डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. ते ओरडले नाहीत, हे ताईंना जास्त लागलं. म्हणाले, "पंचविसांतला एक दिवस, तोही बोटभर. उरलेल्या दिवसांत भरून काढू. मी फाइलमध्ये लिहितो. पण पेशंटला सांगायला हवं. तुमच्या घरच्याच आहेत, तुम्हीच सांगा." ताई "हो" म्हणाल्या.

दुपारी नणंद टेबलावर निजली. परत तीच चूक नको म्हणून ताईंनी तिळाभोवती गोल करायला पेन काढलं. टोपीचा आवाज झाला.

"हे काय नवीन?" नणंदेनं डोळे मिटूनच विचारलं.

सांगायची वेळ तीच होती. पण बाहेर बाकावर सोळा माणसं बसली होती, नणंदेचा वर धरलेला हात थंडीनं थरथरत होता, आणि एवढ्याशा गोष्टीवरून ही बाई किती प्रश्न विचारील हे ताईंना पाठ होतं. त्यांना फक्त ती वेळ निघून जायला हवी होती. "काही नाही वन्सं," त्या म्हणाल्या, "काल रेघ बसेना, म्हणून एक ठिपका जास्तीचा काढावा लागला. चौथा." नणंदेला ते खरं वाटलं. काखेखालची तिची कातडी ऑपरेशननं बधिर झाली होती, तिथं टोचलं असतं तरी कळलं नसतं. आणि तिथलं तिला दिसतही नव्हतं.

संध्याकाळी चहाला सांगू, असं ताईंनी ठरवलं होतं. संध्याकाळी नणंद चहा न घेताच झोपली. मग तिची कातडी भाजल्यासारखी लाल झाली, मग मलमपट्टीचे दिवस, मग पहिला रिपोर्ट चांगला आला, आणि चांगल्या रिपोर्टच्या दिवशी असलं कोण सांगतं? आजचं मरण उद्यावर ढकलता ढकलता पाच वर्षं गेली.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी नणंदेला सांगितलं, की आता वर्षातून एकदा आलात तरी पुरे. ती तशीच पायऱ्या चढून ताईंकडे आली. घरात ताईंची मुलगीही होती. ही मुलगी एका त्वचारोगतज्ज्ञाकडे लेसरनं टॅटू काढून टाकायचं काम करते. "आई लावते, लेक पुसते," अशी घरात चेष्टा चाले. तिच्याकडे येणारी माणसं वेगळी. कुणाच्या खांद्यावर मोडलेल्या लग्नाचं नाव, कुणाच्या पोटावर विसाव्या वर्षी काढलेलं फुलपाखरू, जे चाळिशीत घारीएवढं झालेलं. "तेरड्याचा रंग तीन दिवस," ताई म्हणत, "पण शाईचा नाही, हे यांना टोचताना कुणी सांगत नाही का?" मुलीच्या स्वतःच्या एका कानाला पाच भोकं. त्यातलं वरचं, कडक भागातलं भोक पिकलं तेव्हा ताईंनीच दोन महिने रोज मिठाच्या कोमट पाण्यानं ते धुतलं आणि धुता धुता बडबडल्या, "आमच्याकडे माणसं भोकं भरून येण्याची वाट बघतात, आणि ही धडधाकट पोरगी मुद्दाम पाडून घेते."

"पुसून टाक गं सगळे ठिपके," नणंद भाचीला म्हणाली. "संपलं एकदाचं."

"किती आहेत आत्या?"

"चार. तीन नेमाचे आणि एक तुझ्या आईनं वर दिलेला. आधी तोच काढ. बाकीचे हाताला लागत नाहीत, हा लागतो. आंघोळीत साबण लावताना बोट बरोबर तिथंच जातं. पाच वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही. बोट लागलं की वाटतं, आजार अजून तिथंच बसलाय."

ताई चहा गाळत होत्या. गाळणं कपावर तसंच राहिलं. हा चौथा ठिपका नणंद केव्हाच विसरली असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. रोज त्यावर तिचं बोट जातं, हे त्यांना आज कळत होतं.

"आई, चारच ना?" मुलीनं विचारलं. "तूच काढलेस."

"मी काय मोजत बसलेय?" ताई म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."

जेवताना मुलगीच कितीदा सांगे, की तिळाला लेसर लावायचा नसतो. वरचा रंग उडतो, आणि खाली काही वेडंवाकडं सुरू झालं तर ते कुणाला दिसत नाही. ज्या बाईला एकदा असला आजार होऊन गेला, तिच्या अंगावरच्या तिळावर तर डोळा राहायलाच हवा. म्हणजे आता गप्प बसणं ही नुसती लाज राखायची गोष्ट उरली नव्हती. ताई बोलल्या नाहीत तर लेसर तिळावर पडणार होता, आणि तोही पोटच्या पोरीच्या हातून.

आठ दिवस त्यांनी पळवाटा शोधल्या. दुपारच्या सुट्टीत मुलीला फोन केला. "तो काखेखालचा आहे ना, तो सोडून दे."

"का?"

"सोड म्हणते ना."

"अगं, आत्याला तोच आधी काढायचाय. कारण सांग, मला फॉर्मवर लिहावं लागतं."

"तिथली कातडी नाजूक आहे."

"मी बघेन की. रोज तेच तर बघते." मग ती म्हणाली, "आई, तू दमलीयेस का? आवाज कसा येतोय."

"दमायला काय झालंय," म्हणून ताईंनी फोन ठेवला. मुलीला खरं सांगावं आणि तिच्या तोंडून नणंदेला कळवावं, असंही मनात येऊन गेलं. पण ते म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं, आणि तेही लेकीच्या. बोलल्यानं काही अंगाला भोकं पडत नाहीत, असं आपण म्हणतो. ताईंना वाटे, भोकं पडत असती तर बरं झालं असतं. ती कशी धुवायची, हे तरी त्यांना येत होतं.

ठरलेल्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि नणंदेबरोबर गेल्या. वाटेत सांगू, असा बेत होता. वाटेत नणंद दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका दाखवत राहिली. इतकी खुशीत ती फार दिवसांनी होती, आणि ताईही तिच्याबरोबर पाट्या वाचत गेल्या.

लेसरची खोली लहान, पांढरी, एसीनं गारठलेली. कागद अंथरलेलं टेबल तसंच, ताईंच्या तळघरातल्यासारखं. नणंद उजव्या कुशीवर निजली आणि डावा हात डोक्यावर नेऊ लागली. तो अर्ध्यात अडला. ताई सवयीनं पुढे झाल्या आणि त्यांनी तिचं कोपर धरलं.

पहिल्यांदा येणाऱ्या माणसाची कातडी डॉक्टर स्वतः तपासतात, असा तिथला नियम होता. पण डॉक्टर बाहेर गेले होते. "त्यांच्यासाठी कशाला थांबायचं?" मुलगी म्हणाली. तिच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. आत्या ही तिची सकाळपासूनची नववी पेशंट होती. "घरचंच माणूस आहे. ठिपके कुणी काढले तेसुद्धा माहीत आहे." तिनं तिघींच्या डोळ्यांवर गडद हिरवे चष्मे चढवले. त्या हिरवट उजेडात ठिपका काळा दिसत होता आणि तीळही काळाच दिसत होता. मुलीनं काखेखाली बोट फिरवलं आणि ते थांबलं.

"हा जरा वर आलाय. टोचताना सुई खोल गेली होती का आई?"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. दमलेली, उभी, पुढचं माणूस बाहेर ताटकळतंय म्हणून घाईत असलेली. त्या खोलीत त्या स्वतःच उभ्या होत्या, फक्त तीस वर्षांनी लहान.

"चष्मा काढ," त्या म्हणाल्या. "तो ठिपका नाही. तीळ आहे."

मुलीनं यंत्राचा हात मागे घेतला. नणंद हलली नाही. "चौथा तू काढलास ना?" तिनं विचारलं.

"नाही वन्सं. मी तीनच काढले. अकराव्या दिवशी मी तिळाला ठिपका समजले आणि रेघ त्यावर लावली. त्या दिवशीचा शेक बोटभर मागे पडला. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला सांगायला हवं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, तर चौथा ठिपका म्हणून सांगून मोकळी झाले." रोजच्या सूचना सांगतात तसं हे त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"मग त्या दिवसाचं काय झालं?"

"पुढे भरून काढलं. फाइलमध्ये लिहिलंय."

"फाइलमध्ये लिहिलंय," नणंद म्हणाली. "म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं."

"हो."

"आणि तू रोज समोर बसून चहा पीत होतीस. का नाही सांगितलंस?"

या प्रश्नासाठी ताईंनी पाच वर्षांत कितीतरी मोठमोठी कारणं जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही वेळेला आलं नाही. "दमले होते," त्या म्हणाल्या.

"पाच वर्षं?"

"त्या दिवशी दमले होते. मग लाज वाटायला लागली."

नणंदेनं चष्मा काढला. "आरसा दे गं," ती भाचीला म्हणाली. एक आरसा मुलीनं काखेपाशी धरला, दुसरा तिच्या हातात दिला. पाच वर्षं जिला फक्त बोटानं ओळखत होती, ती खूण नणंदेनं पहिल्यांदा पाहिली. तपकिरी, गोल, साधा तीळ.

"हा कधीचा?"

"जन्माचाच असेल. सासूबाईंना ठाऊक असणार, त्यांनी न्हाऊ घातलंय तुम्हाला."

"पाच वर्षं याला शिव्या देतेय मी." तिनं आरसा पालथा ठेवला. "चूक दिसली की त्याच दिवशी दाखवायची असते, वहिनी. छापून झाल्यावर नाही." मग कोपर सोडवून घेत म्हणाली, "तू बाहेर बस. माझा हात मी धरेन."

ताई बाहेर बाकावर जाऊन बसल्या. चौतीस वर्षं त्यांनी माणसांना अशाच बाकावर बसवलं होतं. स्वतः बसायची वेळ आज आली. समोर एक जाडा मुलगा दंडावरच्या वाघाला मलम चोळत होता. आतून टक टक आवाज आला, जळक्या केसांचा वास आला. मग शांत. परत टक टक, परत शांत. तिसऱ्यांदा. ताई चौथ्याची वाट बघत ताठ बसून राहिल्या. चौथा आला नाही.

दाराआडून मुलगी सांगत होती, "दोन दिवस घासायचं नाही, पावडर लावायची नाही, खपली धरली तर खाजवायचं नाही. आणि परवा परत ये, डॉक्टरांना तीळ दाखवायचाय." शब्द ताईंचेच होते. फक्त मुलगी ते सावकाश सांगत होती.

दार उघडलं. नणंद बाहेर आली तेव्हा कुर्त्याची डावी बाही रिकामीच लोंबत होती. ताईंकडे न बघता ती पुढे गेली, भिंतीपाशी थांबली आणि बाहीत हात घालायला लागली. हात अडला. तिनं परत प्रयत्न केला. वाघवाला मुलगा बघायला लागला. नणंद तशीच उभी राहिली, मग हळूहळू वळली आणि ताईंसमोर पाठ करून थांबली.

ताई उठल्या. गुडघे वाजले. त्यांनी बाहीचा पीळ सोडवला, नणंदेचं कोपर वाकवून आत घातलं, आणि कापड सरळ करायला हात काखेखालून पुढे नेला.

"हळू," नणंद म्हणाली. "तिथं माझा तीळ आहे."